अन्नपूर्णा टॉकीजचा फळा

असं समजा, की तुम्ही सहावीत आहात. मार्च महिना आहे, सकाळची शाळा केव्हाच सुटली आहे, आणि शुक्रवारी दुपारी तीन वाजता तुम्ही अन्नपूर्णा टॉकीजच्या फाटकाशी उभे आहात. पायाखाली शेंगांची टरफलं आहेत. समोर लोखंडी जाळीचं दार. आत बाराचा खेळ संपत आलाय. आता दार उघडेल आणि दीड-दोनशे माणसं डोळे चोळत उन्हात येतील. त्यांतली निम्मी शिंकतील. अंधारातून एकदम उन्हात आलेली माणसं शिंकतात, हे मी पंधरा वर्षं पाहिलंय. आता दाराच्या डावीकडे बघा. भिंतीला काळा फळा ठोकलेला आहे, तुमच्या वर्गातल्यासारखाच. खाली स्टुलावर खडूची पेटी, आणि स्टुलाशेजारी चष्मा पुसत उभा असलेला एक दमलेला माणूस.

तो मी. दिसलो ना? मग ऐका.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. अमरावतीपासून एसटीनं दोन तासांवर आमचं तालुक्याचं गाव आणि गावात ही एकच टॉकीज. मालक बोंद्रे शेठ. त्यांच्या वडिलांनी एक पद्धत पाडून ठेवली होती. शुक्रवारी नवा सिनेमा लागला, की पहिला खेळ पाहून बाहेर पडणाऱ्या पाच जणांना विचारायचं, "कसा वाटला?" ते जे बोलतील ते त्यांच्या नावासकट फळ्यावर लिहायचं. चांगलं तर चांगलं, वाईट तर वाईट. आठवडाभर लोक भिंतीवरच्या पोस्टरकडे ढुंकूनही न बघता फळा वाचायचे आणि मग आत जायचं की घरी जायचं ते ठरवायचे.

माझं अक्षर चांगलं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. गावात अक्षर चांगलं असलं की सुटका नसते. लग्नपत्रिकेवरची नावं, पंचायतीची नोटीस, कुणी गेलं की चौकातला श्रद्धांजलीचा बोर्ड, सगळं "ढोमणे सरांकडे न्या." त्यात त्या महिन्यात मतदारयादीचं काम लागलं होतं. सकाळी शाळा, दुपारभर दारोदार फिरून नावं तपासायची. निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि मी दिवस मोजत होतो. आदल्याच दिवशी, गुरुवारी, फिरून परतताना टॉकीजमध्ये जरा टेकलो, तर तिथंही काम. सिनेमा तेव्हा पत्र्याच्या गोल डब्यांतून यायचा. एका सिनेमाचे सात-आठ डबे, प्रत्येक डब्यात पट्टीचं एक मोठं चाक. एक चाक संपलं की ऑपरेटर दुसरं लावायचा. मोर्शीहून आलेल्या डब्यांची लेबलं गळून पडली होती. ऑपरेटर धम्मपाल गजभिये यानं डबे आले त्याच क्रमानं एकावर एक रचून पांढरा रंग नि ब्रश माझ्यापुढं ठेवला. "सर, वरून सुरू करा, एक ते आठ." गुलाब डोअरकीपरनं चहा आणला. चहा पीत पीत मी आठ आकडे काढून दिले, आणि घरी जाऊन न जेवताच झोपलो.

त्या वर्षी अन्नपूर्णाला भुताखेतांचे, राक्षसांचे आणि परग्रहांचे सिनेमे एकामागून एक लागत होते. बहुतेक बाहेरदेशचे, हिंदीत बोलायला लावलेले. नावं कुणी लक्षात ठेवत नसे. विहिरीवाला, बर्फातल्या राक्षसाचा, तबकडीवाला, असंच म्हणायचे. आणि मतं तर काय सांगू!

विहिरीतल्या भुताचा सिनेमा पाहून शेंगा विकणारी शेवंताबाई म्हणाली, "भूत बराबर नाई जी. पाय सरळेच होते तिचे. आमच्या घरच्या लेकरालेही माहीत हाय, भुताचे पाय उलटे रायते."

मी लिहिलं: 'भुताच्या चित्रणात अभ्यासाचा अभाव.'

तबकडीवाला पाहून गुलाब म्हणाला, "थे तबकडी दरवेळेस तिकडच्याच मोठ्या शहरात उतरते. आपल्याइथं एवढं पडीक रान हाय. इकडं उतरली तं कोणी काई म्हणन काय?"

मी लिहिलं: 'कथानकास स्थानिक स्पर्श नाही.'

सरकारी दवाखान्यातले उमक कंपाउंडर कुठलाही सिनेमा पाहून एकच सांगायचे, की इंजेक्शन चुकीच्या जागी दिलं. राक्षसालासुद्धा. त्याचं मी 'वैद्यकीय तपशील सदोष' असं करून टाकलं होतं.

म्हणजे माणसं बोलायची एक आणि मी लिहायचो दुसरं. मला वाटे, मी त्यांची भाषा सुधारतोय.

आता माझ्या वर्गातला नियमही सांगायला हवा. माझ्या वर्गात खोडरबर चालत नसे. चूक झाली तर खोडायची नाही. तिच्याखाली एक सरळ रेघ मारायची आणि वर बरोबर शब्द लिहायचा. चूक डोळ्यांपुढं राहिली म्हणजे पुन्हा होत नाही. शेजाऱ्याच्या वहीत चूक दिसली, तर ओरडायचं नाही, हसायचं नाही. रेघ मारायची आणि पेन्सिल त्याच्या हातात द्यायची. बरोबर शब्द ज्याचा त्यानं लिहायचा. तीस-पस्तीस वर्षं मी हे पोरांना शिकवलं. धम्मपालची मुलगी श्रावस्ती त्याच वर्गात होती, सहावी अ, खिडकीशेजारचा दुसरा बाक. तिची रेघ पट्टी न घेता सरळ यायची.

तर त्या शुक्रवारी दार उघडलं, आणि माणसं शिंकत बाहेर आली. पण रोजच्यासारखी बोलत आली नाहीत. फाटकापाशी घोळक्यानं थांबली आणि एकमेकांकडे बघू लागली.

सिनेमा काळाच्या मागं जाणाऱ्या मशीनचा होता. एक म्हातारा शास्त्रज्ञ, त्याची मुलगी, आणि त्यांचा एक कुत्रा. एवढं मला पोस्टरवरून माहीत होतं. मी आत मागच्या रांगेत बसलो होतो खरा, पण दिवे गेले तशी माझी मानही गेली. थेट शेवटच्या घंटेला जाग आली होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

"काय उमक, कसा वाटला?" मी खडू घेतला.

"समजला नाई सर," उमक म्हणाले. "पण भारी हाय."

"म्हणजे काय लिहू?"

"हेच लिवा. समजला नाई, पण भारी हाय."

शेवंताबाई टोपली सावरत पुढं आली. "म्हतारा मेला ना जी! मी रडली. डोळे पुसले, पायते तं म्हतारा खुर्चीत बसून चहा पेऊन राह्यला. मंग मी कायले रडली, सांगा बरं?"

"अवो बाई, काळाचं मशीन हाय ते," गुलाब म्हणाला. "मेला थो उद्या मेला. चहा पेला थो आज."

"उद्याचं मरण मले आज कायले दाखवलं?"

लोक हसले. मी 'मृत्यू आणि जीवनाचा कल्पक मेळ' असं लिहून टाकलं. शेवंताबाईला वाचता येत नव्हतं.

"सर, माहं मत घ्या."

श्रावस्ती होती. ऑपरेटरची मुलगी म्हणून ती वर मशीनच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून सिनेमा बघायची. खांद्याला दप्तर तसंच होतं.

"तुझं कसं घेऊ? तू तर घरचीच," मी म्हणालो. पण आणखी दोघांची धरून चौघांचीच मतं झाली होती, ऊन लागत होतं, आणि मला घरी जायचं होतं. "बरं, सांग. लवकर सांग."

"सिनेमा उलटा लागला, सर."

मी लिहायला सुरुवातही केली होती. 'सिनेमा उलटा' एवढं लिहून थांबलो. "म्हणजे?"

"कुत्र्याच्या पायाले आधी पट्टी हाय, अन् गाडीखाली थो मंग येते. मशीनची काच आधी फुटते, मंग थेच काच चांगली दिसते. मधातलं एक चाक पुढं लागलं."

घोळक्यात कुणीतरी शिट्टी वाजवली. "धम्मपाल, आयकलं काय? पोट्टी तुही नोकरी खाते आता!" धम्मपाल वरच्या खिडकीतून खाली बघत होता. तो कसानुसा हसला.

शिकवायची संधी आली, की माझा थकवा पळतो. हा माझा जुना रोग. मी फळ्याच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ काढली, तिला बाण काढला. "हे बघ बाळ. हा काळ. आपण असे पुढं जातो. मशीन काय करतं? आपल्याला असं मागं नेतं. मग आधी घडलेलं नंतर दिसणार, नंतरचं आधी दिसणार. कुत्र्याची पट्टी आधी दिसली, कारण काळ मागं गेला. आलं लक्षात?"

माणसं माना डोलवू लागली. उमक म्हणाले, "आता समजला ना राजेहो सिनेमा!"

श्रावस्ती माझ्या बाणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण सर, कुत्रा मशीनमंधी बसलाच नाई."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. मला तो प्रश्न गमतीचा वाटला, आणि खरं सांगू, त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तळहातानं 'सिनेमा उलटा' हे दोन शब्द पुसले आणि त्या जागी लिहिलं: 'काळाच्या गुंत्याचे बुद्धीला चालना देणारे चित्रण. कु. श्रावस्ती गजभिये, सहावी अ.'

ती फळा बघत नव्हती. माझ्या पांढऱ्या झालेल्या तळहाताकडे बघत होती.

"सर, तुम्ही खोडलं," ती हळूच म्हणाली.

"हा फळा शाळेचा नाही बाळ, टॉकीजचा आहे," मी म्हणालो, हात झटकले आणि घरी गेलो.

पुढचे चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. समजला नाही पण भारी आहे, असं फळ्यावर वाचल्यावर कोण घरी बसेल? ज्याला समजला नाही तो दुसऱ्यांदा गेला. न्हाव्याच्या दुकानात कुत्र्यावरून वाद व्हायचे. उमकांनी शोध लावला, की कुत्रे मुळात दोन आहेत, जुळे. पिठाच्या गिरणीत एक जण म्हणाला, म्हातारा मेलेलाच नाही, त्यानं मेल्याचं सोंग केलं, कारण त्याला मुलीचं प्रेम बघायचं होतं. हे ऐकून शेवंताबाईला फार बरं वाटलं. आपलं रडणं फुकट गेलं नाही, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली. बोंद्रे शेठ रस्त्यात भेटले, तर त्यांनी मला हात जोडले. "सर, तुमच्या फळ्यानं पिच्चर चालवला! दुसरा आठवडा ठेवतो."

मी मतदारयादी बगलेत धरून पुढं निघालो. पाय दुखत होते.

सोमवारी मधल्या सुट्टीत श्रावस्ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. मी टेबलावर डोकं ठेवून पडलो होतो.

"सर, शाळा सुटल्यावर टॉकीजमंधी येता काय जरा?"

"कशाला?"

"डबे दाखवाचे हायत तुम्हाले."

"कसले डबे?"

"सिनेमाचे. तुम्ही पाह्यले तं तुम्हाले समजते."

"अगं, तुझ्या बाबांना दाखव ना."

"बाबाले सांगतलं. बाबा म्हणते, सरांनं फळ्यावर लिवलं ना, मंग सिनेमा तसाच हाय. चूप राय म्हणते."

"बरोबर म्हणतो तो," मी डोकं न उचलता म्हणालो. "उद्या बघू. जा, पाणी पी."

ती लगेच गेली नाही. दारात तिच्या चपलेचा आवाज जरा वेळ होत राहिला, मग थांबला.

मंगळवारी बोंद्रे शेठचे साळे रंगराव मोर्शीहून आले. पाव्हणे आले म्हणून शेठनं त्यांना बाराच्या खेळाला बसवलं. मी मंगळवारी एरवी टॉकीजकडे जात नसे. पण त्या दिवशी दुपारी मी मतदारयादी घेऊन फिरत होतो, तिथं शेठचा माणूस शोधत आला. "सर, शेठनं बलावलं. आत्ताच."

पोचलो तर फाटकात ही गर्दी. खेळ नुकताच सुटला होता. मध्यभागी रंगराव पोट धरून हसत होते. हसता हसता खोकत होते, खोकला थांबला की पुन्हा हसत होते.

"जावाई, आमच्याइथं मागच्या हप्त्यात पाह्यला मी हा पिच्चर! म्हतारा आधी चहा पेते, मशीन दुरुस्त करते, कुत्र्याले गाडी लागते. मंग मरते. तुमच्याइथं मरून चहा पेते! अन् हे काय लिवलं?" त्यांनी फळा मोठ्यानं वाचला. "बुद्धीला चालना देणारे! अरे बाप्पा!"

लोक हसत नव्हते. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. उमक कंपाउंडरांना एकाएकी दवाखान्याची आठवण झाली आणि ते निघून गेले. शेवंताबाई म्हणाली, "म्हणजे मेलाच ना थो म्हतारा?"

बोंद्रे शेठचा चेहरा लाल झाला होता. "पाच दिवस! अख्ख्या गावानं पाच दिवस उलटा पिच्चर पाह्यला अन् शाबासकी देल्ली! मोर्शीत तोंड दाखवाची सोय नाई राह्यली माही. धम्मपाल! डबे आन खाली."

धम्मपालनं डबे आणले. दोन खेपा केल्या. आठही डबे फळ्याखाली रांगेनं मांडले आणि हात मागं बांधून उभा राहिला. श्रावस्ती जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती, दप्तर पोटाशी धरून.

"कसा लावला तू?"

"नंबर पाहून लावला शेठ. पट्टीच्या तोंडाचे नंबर घासून गेल्ते. म्हणून डब्यावरचे पाहून लावला. सहाच्या मांगं सात."

"अन् डब्यावर नंबर कोणं टाकले?"

धम्मपालनं माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाला, "मीच टाकले."

गुलाब माझ्यापासून दोन हातांवर होता. गुरुवारी चहा त्यानंच आणला होता. तो छताच्या पत्र्याकडे बघू लागला, जणू तिथं काहीतरी लिहिलेलं आहे.

मी डब्यांकडे पाहिलं. आठ पांढरे आकडे, सुबक, शाळेच्या फळ्यावर असतात तसे. सातला शेवटी एक छोटी शेपटी. ती शेपटी मी गेली तीस-पस्तीस वर्षं तशीच काढत होतो. आणि त्या सात आकड्याच्या डब्यावर, झाकणाच्या मधोमध, चहाच्या ग्लासाचा तपकिरी गोल डाग होता.

मग मला गुरुवार आठवला, अगदी स्वच्छ आठवला. पाच आकडे झाले होते. वरच्या डब्यावर मी चहा ठेवला होता. तो उचलून कुठं ठेवायचा, असा कंटाळा आला. म्हणून ग्लासासकट तो डबा बाजूला सरकवला, त्याच्याखालचा आधी ओढला आणि त्याच्यावर सहा काढला. मग चहा संपवला. मग ग्लास उचलला आणि डाग पडलेल्या डब्यावर सात काढला.

एवढंच झालं होतं.

"चाळीस वर्षं झाले या टॉकीजले," शेठ म्हणत होते. "असं कधी झालं नाई. धम्मपाल, तू उद्यापासून येऊ नको."

"शेठ, माही पोट्टी शुक्रवारीच म्हणत होती," धम्मपाल म्हणाला. त्याचा आवाज फार खाली गेला होता. "मीच नाई आयकलं."

"आता काय उपयोग? सर, या इकडं. पुसा ते समदं. अन् लिवा, मोठ्या अक्षरात. 'ऑपरेटरच्या चुकीमुळे चित्रपट चुकीच्या क्रमाने दाखवला गेला. त्याला कामावरून काढले आहे.' म्हणजे गावाले समजन, टॉकीजचा दोष नाई."

गुलाबनं ओलं फडकं दिलं. मी फळा पुसला. शेवंताबाईचं मत गेलं, उमकांचं गेलं, 'काळाच्या गुंत्याचे' गेलं, आणि कोपऱ्यातली बाणाची रेघही गेली. फळा सुकायला थोडा वेळ लागला.

फळ्यावर शेवटी काय उरलं, ते आमच्या गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पुढं नऊ वर्षं, टॉकीजला कुलूप लागेपर्यंत, मशीन धम्मपालनंच चालवलं, हेही ठाऊक आहे. पण निवृत्तीनंतर ही गोष्ट मी ज्या ज्या वर्गात जाऊन सांगितली, तिथं कुणीतरी हात वर करतं आणि विचारतं, "सर, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" फार वर्षं मी सांगत असे, की मी दमलो होतो. दमलो होतो, हे खोटं नाही. पण चार पावलं चालून एक वाक्य बोलायला किती दम लागतो? तीन महिन्यांनी शाळेत माझा निरोपसमारंभ होता. माझ्या अक्षराबद्दल चार लोक चार शब्द बोलणार होते. उभा राहून मी त्याचा विचार करत होतो.

फळा सुकला. मी खडू उचलला.

'ऑपरेटरच्या चुकीमुळे चित्रपट चुकीच्या क्रमाने दाखवला गेला.'

अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. गर्दीतून कुणीतरी ते हळूहळू मोठ्यानं वाचलं. धम्मपाल स्वतःच्या पायांकडे बघत होता.

"पुढचं लिवा," शेठ म्हणाले.

तेवढ्यात जिन्याच्या पायरीवर दप्तर ठेवल्याचा आवाज आला. श्रावस्ती गर्दीतून वाट काढत आली. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा सगळ्यांसमोर माझं नाव घेईल. धम्मपाल दबक्या आवाजात म्हणाला, "श्रावू, मांगं हो." ती मागं झाली नाही. तिनं खडूची पेटी स्टुलावरून उचलून खाली ठेवली, स्टूल फळ्यासमोर ओढलं आणि त्यावर चढली. माझ्यापुढं हात केला. मी खडू दिला; का दिला, मला सांगता येणार नाही. वर्गात कुणी हात पुढं केला की मी खडू देत असे, म्हणून दिला असेल.

तिनं फळ्यावरचं वाक्य एकदा वाचलं. ती ओरडली नाही, हसली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पहिल्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली खडू टेकवला आणि 'ऑपरेटरच्या' या शब्दाखाली, न थांबता, पट्टीशिवाय, एक सरळ रेघ मारली.

मग ती स्टुलावरून खाली उतरली, आणि खडू तिनं माझ्या हातात दिला.